यिडिश चित्रपट : लोपलेल्या जगाची साक्ष

यिडिश ही पूर्व युरोपातील ज्यूंची बोलभाषा. जर्मन वळणाची, हिब्रू व स्लाव्ह शब्दांनी समृद्ध झालेली आणि हिब्रू लिपीत लिहिली जाणारी ही भाषा दुसऱ्या महायुद्धापूर्वी सुमारे १ कोटी १० लाख लोक बोलत असत. तिला स्वतःचे राष्ट्र नव्हते. तरीही तिने साहित्य, रंगभूमी आणि चित्रपट यांची परंपरा निर्माण केली.

या चित्रपटाचा पाया रंगभूमीने घातला. अब्राहम गोल्डफाडन यांनी १८७६ मध्ये रुमानियातील याश येथे व्यावसायिक यिडिश रंगभूमीचा प्रारंभ केला. तेथील गीते, विनोद आणि करुणरस चित्रपटाने वारसाहक्काने घेतले. बोलपटाच्या आगमनानंतर प्रेक्षकांना पडद्यावर आपली घरची भाषा ऐकू येऊ लागली. वॉर्सा आणि न्यूयॉर्क ही निर्मितीची प्रमुख केंद्रे ठरली.

१९३६ ते १९३९ हा या चित्रपटाचा सुवर्णकाळ. अमेरिकेत स्थायिक झालेल्या जोसेफ ग्रीन यांनी पोलंडला परतून 'यिडल मिटन फिडल' (१९३६) हा संगीतपट काढला. मॉली पिकन यांनी त्यात पुरुषवेषात भटकणाऱ्या व्हायोलिनवादक तरुणीची भूमिका केली. मिखाल वाशिन्स्की यांचा 'डेर डिबुक' (१९३७) हा एस. अन्-स्की यांच्या नाटकावर आधारलेला असून, वधूच्या देहात शिरलेल्या मृत प्रियकराच्या आत्म्याची ती कथा आहे. अन्-स्की यांनी १९१२ ते १९१४ या काळात खेडोपाडी फिरून ज्यू लोककथा व चालीरीती संकलित केल्या होत्या. शोलेम अलेइखेम यांच्या कथांवरील 'तेव्ये' (१९३९) हा चित्रपट मॉरिस श्वार्त्झ यांनी अमेरिकेत दिग्दर्शित केला आणि त्यात प्रमुख भूमिकाही केली.

'यिडल मिटन फिडल'चे काही चित्रीकरण कझिमेझ डोल्नी या पोलिश गावात झाले. १९४२ मध्ये नाझींनी तेथील ज्यू वस्ती नष्ट केली. पोलंडमधील ३० लाखांहून अधिक ज्यूंपैकी सुमारे ९० टक्के लोक नरसंहारात बळी पडले. प्रेक्षकच उरला नाही, तेव्हा त्याचा चित्रपटही ओसरला. करमणुकीसाठी टिपलेले बाजार, गल्ल्या आणि लग्नसोहळ्यांचे प्रसंग आता ऐतिहासिक दस्तऐवज ठरले आहेत.

अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठाच्या परिसरात १९७६ मध्ये स्थापन झालेल्या ज्यू चित्रपटांच्या राष्ट्रीय केंद्राने अनेक जुन्या प्रतींचे पुनरुज्जीवन केले. न्यूयॉर्कमधील सनातनी ज्यू समाजात घडणाऱ्या 'मेनाशे' (२०१७) या चित्रपटातून यिडिश पुन्हा पडद्यावर आली. विशेष म्हणजे ती स्मरणरंजनाची नव्हे, तर रोजच्या व्यवहारातील भाषा म्हणून.