रातपाळीचे शास्त्र

गिरणीच्या भोंग्याबरोबर ज्यांचा दिवस एके काळी उगवत असे, त्या इंदूर, बडोदे, सोलापूर, मुंबईसारख्या शहरांतील जुन्या माणसांना ‘पाळी’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. रातपाळीहून परतलेला गडी भर दुपारी डोक्यावरून पांघरूण घेऊन निजलेला असावयाचा आणि घरातील मुलांनी आवाज करू नये म्हणून आईने त्यांना बाहेर पिटाळावयाचे, हे दृश्य घरोघरी परिचयाचे होते. नवल हे की, लक्षावधी माणसे पिढ्यान्पिढ्या ज्या रीतीने राबत आली, त्या रीतीचा माणसाच्या शरीरावर काय परिणाम होतो, याचा पद्धतशीर शोध विसाव्या शतकापूर्वी जवळजवळ झालाच नव्हता.

जवळजवळ म्हणावयाचे ते एवढ्यासाठी की, इटलीतील बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने 1700 साली कामगारांच्या रोगांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात भट्टीवाल्यांचा उल्लेख आहे. सारे जग निजते तेव्हा हे लोक पीठ मळत असतात आणि जग उठते तेव्हा निजतात, हे त्याच्या नजरेतून सुटले नव्हते. पण त्या काळी रात्री जागणारे म्हणजे भट्टीवाले, पहारेकरी, खलाशी आणि सुइणी एवढेच. पुढे 1805 च्या सुमारास इंग्लंडात सॅल्फर्ड येथील एका सूतगिरणीत गॅसचे दिवे लागले, 1879 साली एडिसनचा विजेचा दिवा आला, आणि यंत्राला रात्र उरली नाही. मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे लागले, तेव्हा कामाचा दिवस तेरा-चौदा तासांपर्यंत लांबला. त्यावरून 1905 साली कामगारांत मोठा असंतोष माजला आणि 1911 च्या कायद्याने कापड गिरणीतील पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घालावी लागली. बारा तास ही त्या वेळी सवलत होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

शास्त्रज्ञांचे लक्ष या विषयाकडे वळले ते पहिल्या महायुद्धात. दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगारांच्या प्रकृतीचा विचार करण्यासाठी ब्रिटनने 1915 साली एक समिती नेमली. तिच्या वतीने एच. एम. व्हर्नन यांनी केलेल्या पाहणीत असे आढळले की, कामाचे तास कमी केल्याने उत्पादन घटतेच असे नाही, कित्येकदा ते वाढते. शोध मोलाचा होता. तथापि त्यामागचा मुख्य प्रश्न कामगाराकडून माल किती निघतो हा होता. कामगाराचे पुढे काय होते, हा नव्हता.

याच काळातील एका साध्या वहीने पुढे मोठे काम केले. स्वीडनमधील एका गॅसच्या कारखान्यात तीन पाळ्यांतील माणसे रोजच्या रोज आकडे वहीत टिपून ठेवीत. 1912 पासून 1931 पर्यंतच्या या वह्या ब्यर्नर, होल्म आणि स्वेन्सन या तिघा संशोधकांनी उघडल्या, त्यांतील चुका मोजल्या आणि 1955 साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. चुका पहाटे तीनच्या सुमारास सर्वांत अधिक होत होत्या. दुपारच्या जेवणानंतर एक लहानसा उंचवटा होता. वीस वर्षे ज्यांनी हे आकडे लिहिले, त्यांना आपली परीक्षा होत आहे याची कल्पनाही नव्हती. म्हणूनच या पुराव्याला प्रयोगशाळेतील कोणत्याही प्रयोगाहून अधिक वजन आहे. पहाटेची ती वेळ कठीण असते, हे प्रत्येक रखवालदार जाणतो. पण रखवालदाराची साक्ष शास्त्रात चालत नाही, वही चालते.

पहाटे तीनच का? या प्रश्नाचे उत्तर कारखान्याबाहेर शोधावे लागले. लाजाळूचे रोप अंधाऱ्या जागी ठेवले तरी त्याची पाने दिवसाच्या वेळी उघडतात आणि रात्री मिटतात, हे फ्रान्समधील द मेरां यांनी 1729 सालीच नोंदविले होते. माणसाच्या बाबतीत हाच प्रयोग शिकागोचे नॅथनिएल क्लाइटमन यांनी स्वतःवर केला. 1938 च्या उन्हाळ्यात ते आणि त्यांचे तरुण सहकारी ब्रूस रिचर्डसन केंटकीतील मॅमथ गुहेत बत्तीस दिवस राहिले. तेथे सूर्यप्रकाश नव्हता, ऋतू नव्हता, हवा सुमारे 12 अंश. चोवीसऐवजी अठ्ठावीस तासांचा दिवस पाळावयाचा, असा बेत होता. रिचर्डसनच्या शरीराचे तापमान नव्या वेळापत्रकाप्रमाणे चढू-उतरू लागले. चाळिशी ओलांडलेल्या क्लाइटमन यांच्या शरीराने मात्र जुना चोवीस तासांचा हेका सोडला नाही. दोनच माणसांचा हा प्रयोग. त्यावरून नियम बांधणे धाडसाचे ठरले असते. पण शरीरात एक घड्याळ आहे आणि ते हुकूम दिल्याने फिरत नाही, ही कल्पना त्यातून बळावली.

1959 साली फ्रान्झ हालबर्ग यांनी या लयीला ‘सर्केडियन’, म्हणजे सुमारे एका दिवसाची, असे नाव दिले. 1960 च्या दशकात बव्हेरियात युर्गेन आशॉफ यांनी माणसांना भूमिगत कोठडीत घड्याळाविना ठेवून पाहिले, तेव्हा त्यांचा दिवस पंचवीस तासांच्या आसपास निघाला. पुढे 1999 साली दिव्यांचा परिणाम काटेकोरपणे वगळून हार्वर्डमध्ये मोजणी झाली आणि तो आकडा 24 तास 11 मिनिटांवर आला. 1972 साली या घड्याळाचे स्थान मेंदूच्या तळाशी असलेल्या एका लहानशा पेशीसमूहात सापडले. ते पेशीत कसे चालते, हे उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना 2017 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

रातपाळीच्या गड्याला याचा अर्थ एवढाच की, तो पहाटे सुटून घरी निघतो तेव्हा वाटेवरचे ऊन त्याचे घड्याळ पुन्हा दिवसाकडे ओढते. म्हणून आठवडाभर रात्री काम करूनही शरीर रात्रीचे होत नाही, आणि दिवसाची झोप तुटक व अपुरी राहते. गिरणगावातील खोल्यांत निरनिराळ्या पाळ्यांचे गडी आळीपाळीने अंग टाकीत; तेथे झोपेला जागा कितीशी मिळत असेल, हे सांगावयास नको.

या संशोधनातील खरा पेच रोगांच्या प्रश्नात निर्माण झाला. ब्रिटनमध्ये टेलर आणि पोकॉक यांनी 8,603 कामगारांच्या मृत्यूंची छाननी करून 1972 साली निष्कर्ष मांडला, तेव्हा पाळीवाले आणि दिवसवाले यांच्या मृत्यूच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. मालकांना हायसे वाटावे, असेच हे उत्तर. परंतु नॉर्वेतील पाहण्यांतून त्याआधीच एक अडचण पुढे आली होती. पोटाच्या तक्रारी सर्वांत जास्त होत्या त्या पाळी करणाऱ्यांत नव्हे, तर पाळी सोडून दिवसाच्या कामावर आलेल्यांत. ज्याला सोसले नाही, तो निघून गेला. उरला तो मुळातच काटक. मोजणी होते ती उरलेल्यांची. इतकेच नव्हे, तर निघून आलेले आजारी लोक दिवसवाल्यांच्या रकान्यात पडतात आणि दिवसाचे कामच बाधक असल्याचा भास होतो.

हा पेच ध्यानात ठेवून स्वीडनमधील क्नुटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागद कारखान्यातील 504 कामगारांचा पंधरा वर्षे मागोवा घेतला. 1986 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, सोळा ते वीस वर्षे पाळीत काढलेल्यांना हृदयविकाराचा धोका दिवसवाल्यांच्या 2.8 पट होता. वीस वर्षांनंतर तो आकडा एकदम खाली येतो. वीस वर्षांनी पाळी पथ्यकर होते, असा याचा अर्थ कोणी करणार नाही. गाळणी तेथेही चालूच होती. कर्करोगासंबंधी मात्र वाद मिटलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2007 साली रातपाळीला संभाव्य कारणांत गणले आणि 2019 साली तेच मत कायम ठेवले. उलट 2016 सालच्या एका मोठ्या ब्रिटिश अभ्यासात स्तनांच्या कर्करोगाशी संबंध आढळला नाही.

पाळ्या कशा फिरवाव्यात, यावरही मतभेद आहेत. 1982 साली अमेरिकेतील यूटा राज्यात चाइस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका खनिज कारखान्यात पाळ्या उलट्या दिशेऐवजी सुलट, म्हणजे सकाळ, दुपार, रात्र अशा क्रमाने लावल्या आणि आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी बदलल्या. कामगारांचे समाधान वाढले, उत्पादनही वाढले. युरोपातील अनेक संशोधक याउलट दोन-तीन दिवसांनीच पाळी बदलावी म्हणतात; घड्याळ हलण्यापूर्वीच रात्र संपावी, हा त्यांचा हेतू. आपल्याकडे रूढ असलेली आठवड्याची फेरपाळी या दोन्ही मतांत बसत नाही: घड्याळ जरासे सरकते न सरकते, तोच पुन्हा मागे ओढले जाते.

थ्री माइल आयलंड येथील 1979 चा अपघात पहाटे चारला, चेर्नोबिलचा 1986 चा मध्यरात्रीनंतर 1 वाजून 23 मिनिटांनी, आणि भोपाळची वायुगळती 1984 च्या 2 डिसेंबरच्या रात्री. ही जंत्री व्याख्यानांतून नेहमी ऐकू येते. ती ऐकताना एक सावधगिरी बाळगावी. भोपाळला सुरक्षेच्या यंत्रणाच बंद वा नादुरुस्त होत्या. तेथील दोष पाळीवरच्या माणसाच्या डोळ्यांवरील झापडीवर ढकलणे हा त्या माणसावर अन्याय होईल.

इंदूरच्या आणि मुंबईच्या बहुतेक गिरण्या बंद पडल्या. रातपाळी मात्र इस्पितळांत, रेल्वेत आणि हैदराबाद-पुण्याच्या संगणक कचेऱ्यांत गेली. तिच्यावरील बहुतेक मोठे अभ्यास युरोपातील कारखान्यांचे आणि अमेरिकेतील परिचारिकांचे आहेत. वैशाखातल्या दुपारी, पत्र्याच्या छपराखाली झोपू पाहणाऱ्या माणसाची वही त्या मानाने अजून कोरीच आहे.