प्रकाशाने दिलेली साक्ष

कच्च्या अंड्यातला पांढरा भाग आपल्याला जवळपास पारदर्शक दिसतो. पण आपल्या डोळ्यांची धाव साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या लहरींपुरतीच. त्याहून आखूड लहरींचा अतिनील प्रकाश त्या द्रवात शिरला की बराचसा तिथेच अडकतो, विशेषतः २८० नॅनोमीटरच्या आसपास. प्रथिनांमधली वीसही अमिनो आम्ले यात सारखी वाटेकरी नसतात. काम मुख्यतः दोघांचे, ट्रिप्टोफॅन आणि टायरोसीन यांचे. दोघांच्याही रेणूत एक कडे असते. त्या कड्यावरचे इलेक्ट्रॉन हा प्रकाश टिपतात. टायरोसीन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला १८४६ मध्ये चीजपासून मिळाले. ग्रीक भाषेत चीजला 'टायरॉस' म्हणतात, म्हणून हे नाव. अशी व्युत्पत्ती सापडली की माझ्यासारखा बी.ए. झालेला कवीही रसायनशास्त्रात रमतो.

पेशीतली न्यूक्लिक आम्ले मात्र २६० नॅनोमीटरजवळ सर्वाधिक प्रकाश शोषतात. फरक अवघा वीसचा, पण त्यात मोठा वाद दडला होता.

आईबापांचे गुण मुलांत नेणारे द्रव्य प्रथिनच असणार, असे त्या काळी बहुतेक शास्त्रज्ञ मानत. वीस अक्षरांच्या लिपीपुढे चार अक्षरांच्या न्यूक्लिक आम्लाला कोण विचारणार? (अक्षरांच्या संख्येवरून ग्रंथाची थोरवी ठरवणे मला तरी पटत नाही.) न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत फ्रेडरिक गेट्स यांनी वेगवेगळ्या अतिनील लहरी जंतूंवर सोडून कोणती सर्वांत घातक ते मोजले. १९३० मध्ये त्यांनी मांडलेला आलेख प्रथिनांशी नव्हे, न्यूक्लिक आम्लांच्या आलेखाशी जुळत होता.

मरणे वेगळे आणि वारसा बदलणे वेगळे, हा आक्षेप रास्तच. पण १९४१ मध्ये हॉलेंडर आणि एमन्स यांनी बुरशीच्या बीजाणूंत आनुवंशिक बदल घडवले, पुढच्या वर्षी स्टॅडलर आणि उबर यांनी मक्याच्या परागकणांत. दोन्हीकडे कौल तोच. तरीही शंका उरली: न्यूक्लिक आम्लाने टिपलेली ऊर्जा शेजारच्या प्रथिनाकडे जात असेल तर?

१९४४ मध्ये त्याच रॉकफेलर संस्थेत एव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांनी न्यूमोनियाच्या जंतूंचा गुणधर्म बदलणारे द्रव्य वेगळे काढले. ते डीएनए असल्याच्या पुराव्यांत २६० जवळचे प्रकाशशोषणही त्यांनी नोंदवले. प्रथिनांच्या बाजूचे लोक त्यानंतरही काही वर्षे अडून राहिले.

आज प्रयोगशाळेत डीएनएचा नमुना तपासताना २६० आणि २८० या दोन्ही लहरींचे शोषण मोजतात. गुणोत्तर १.८ च्या आसपास आले तर नमुना ठीक. बरेच खाली गेले, तर त्यात प्रथिन मिसळले असावे असे समजतात.