पागेतलं काडतूस आणि पोलादी एल्बो

पाइपजोडणीची जाड पत्र्याची एल्बो किंवा टी वेल्डिंग करून बनवली, की ती परत भट्टीत जाते. सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवायची, जाडीच्या हिशेबाने तास-दोन तास तिथेच ठेवायची आणि मग सावकाश निववायची. शॉपमध्ये याचं लांबलचक नाव कुणी घेत नाही. "एसआर झालं का? चार्ट कुठाय?" एवढंच विचारतात. एसआर म्हणजे स्ट्रेस रिलिव्हिंग, धातूच्या अंगातला ताण उतरवणं. ही पद्धत बॉयलरवाल्यांनी काढली असं सगळे धरून चालतात. मला ते पटत नाही. हिचा मूळपुरुष पितळी काडतूस आहे आणि जन्म हिंदुस्थानातल्या पावसाळ्यातला.

इंग्रजी फौजेच्या मोहिमा पावसाळ्यात थंडावत. दारूगोळा कोरड्या जागी हलवला जाई, आणि अशी हाताशी असलेली जागा म्हणजे पुष्कळदा घोड्यांची पागा. पाऊस सरल्यावर पेट्या उघडल्या की कित्येक काडतुसांच्या नळ्या उभ्या चिरलेल्या निघत. ना मार लागलेला, ना गंज दिसणारा. इंग्रजांनी या रोगाला 'सीझन क्रॅकिंग' म्हटलं आणि दोष ऋतूवर ढकलला.

खरं कारण 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी शोधनिबंधात मांडलं. काडतुसाचं पितळ म्हणजे 70 भाग तांबं आणि 30 भाग जस्त. थंड अवस्थेत ते साच्यातून ओढून ओढून त्याची नळी करतात. या ओढाताणीचा ताण नळीच्या अंगात कायम राहतो. नुसत्या ताणाने ती फुटत नाही, नुसत्या अमोनियानेही फुटत नाही. पागेत दोन्ही एकत्र आले: ताण कारखान्यातला आणि अमोनिया घोड्यांच्या मुतातला. उपाय हास्यास्पद वाटावा इतका सोपा होता. तयार नळी अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापवायची. तिचा आकार बदलत नाही, कडकपणाही फारसा कमी होत नाही, फक्त आतला ताण उतरतो.

इथे पहिला प्रतिस्पर्धी उभा राहतो तो तांबट. पुण्याच्या तांबट आळीत ठोकून ताठरलेलं भांडं शतकानुशतकं भट्टीत घालत आले आहेत, मग काडतुसाने नवं काय केलं? पण तांबट भांडं तापवतो ते पुढे ठोकता यावं म्हणून, काम अर्धं असताना. काडतूस तापवतात ते काम संपल्यावर. एकाला धातू मऊ हवा असतो, दुसऱ्याला तो आहे तितकाच कडक हवा असतो. भट्टी सारखी असली तरी हेतू उलटा आहे.

काचवाला मात्र तगडा प्रतिस्पर्धी आहे. तोसुद्धा तयार वस्तूच सावकाश निववतो आणि तीही ताण उतरावा म्हणूनच. त्याचं वय पाहता मान त्यालाच द्यावा लागेल. तरी एक फरक उरतो. वाईट निवलेली काच बहुधा लवकरच, करणाऱ्याच्याच पुढ्यात तडकते, नुकसान त्याचं. काडतूस चिरतं ते महिन्यांनी, मैलोगणती दूर, दुसऱ्याच्या ताब्यात. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा. समजा तिथून निघालेली पेटी दूरच्या एखाद्या पागेत बिघडली, तर दोषी कोण? ताण भरणारा की अमोनियाशेजारी ठेवणारा? एसआर आणि त्याला चिकटलेला चाचणीच्या जबाबदारीचा वाद, ही जोडी पहिल्यांदा इथे दिसते. पितळवाल्यांनी त्यावर चाचणीही बसवली. नमुना मर्क्युरस नायट्रेटच्या द्रावणात बुडवायचा. ताण उरला असेल तर तो तिथल्या तिथे चिरतो, गिऱ्हाइकाकडे नाही.

राहिला बॉयलरवाला. कलकत्त्यात 1863 मध्ये बॉयलर फुटला आणि 1864 मध्ये बंगालचा कायदा आला. अमेरिकेत 1905 च्या ब्रॉक्टनच्या स्फोटानंतर नियम कडक झाले. पण तो काळ रिव्हेटचा होता. वेल्डिंगच्या ड्रमला अमेरिकेच्या बॉयलर संहितेत जागा मिळाली 1930 च्या आसपास, क्ष-किरण आणि एसआर या दोन अटींवर. म्हणजे 1921 च्या निबंधानंतर दहाएक वर्षांनी. वेल्ड निवताना आक्रसतो, शेजारचा थंड धातू त्याला आक्रसू देत नाही, आणि जोडात ओढलेल्या नळीसारखाच ताण बसतो. ही गोष्ट बॉयलरवाल्यांना पितळवाल्यांच्या अनुभवावरून उमगली असावी. तर्क माझा आहे, आणि मी तो सोडणार नाही.

कारण त्याला एक जबर साक्षीदार आहे. 1950 च्या दशकात अमेरिकेत शेतीसाठी द्रवरूप अमोनिया साठवणाऱ्या पोलादी टाक्या चिरू लागल्या. धातू वेगळा, देश वेगळा, पण गुन्हेगार तोच. उपायही तोच निघाला: वेल्डिंगनंतर टाकीचा ताण उतरवा. शिवाय हवा आत शिरू देऊ नका आणि अमोनियात 0.2 टक्के पाणी राहू द्या. पागेतला वायू पोलादाच्या घरी आला तो असा.

आता आपल्याकडे, कोकणातल्या नाटे गावाकडे येऊ. साखरी नाट्यासारख्या मासळी बंदराचं बर्फावाचून चालत नाही आणि बर्फाचा कारखाना बहुधा अमोनियावर चालतो. म्हणून तिथे पितळी कॉक-जोड वर्ज्य असतात, सगळं पोलादी. पण अशा एल्बोला एसआर करायचं कुणी? अमेरिकेच्या ए-234 मानकात साध्या कार्बन पोलादाच्या वेल्ड केलेल्या फिटिंगला एसआरची सक्ती जोडाची जाडी 19 मिलिमीटर किंवा जास्त असेल तरच आहे. बर्फाच्या कारखान्यातली नळी त्याच्या जवळपासही जात नाही. म्हणजे नियम जाडी विचारतो, आतून काय वाहणार ते विचारत नाही. काडतुसाची गोष्ट ठाऊक असलेल्याला हे खटकतंच. तरी थंड नळीपेक्षा साठवणीच्या टाकीला या चिरण्याचा धोका जास्त, एवढं कबूल करायला हवं.

पाण्याच्या दाबाची चाचणीही तशीच. ए-234 प्रमाणे फिटिंग बनवणाऱ्याने प्रत्येक नग दाबाखाली तपासण्याची सक्ती नाही. नग जुळत्या पाइपाइतका दाब सोसण्याच्या लायकीचा हवा, एवढंच. प्रत्यक्ष हायड्रो होतो लाइन जोडल्यावर आणि तो करतो लाइन जोडणारा फॅब्रिकेटर. एल्बो पाइपाला जोडताना साइटवर नवा वेल्ड होतो, त्याचा ताण नवा, म्हणून त्याचं एसआरही फॅब्रिकेटरच्याच माथी. मुंबईतल्या सी. पी. टँकच्या दुकानातून एल्बोसोबत मिळालेला टीसी, म्हणजे चाचणीचा दाखला, या वेल्डबद्दल अवाक्षर बोलत नाही. वाफेच्या लाइनसाठी आपल्या बॉयलर नियमांत फॉर्म तीन-सी आहे. त्यावर बनवणाऱ्याच्या सहीसोबत तपासणाऱ्याचीही सही लागते. खडकीच्या पेटीवर अशी दुसरी सही असती तर पागेचा वाद लवकर मिटला असता!

आणि नाट्याच्या शेजारी माडबनचा सडा आहे. तिथे प्रत्येकी 1650 मेगावॉटच्या सहा फ्रेंच ईपीआर अणुभट्ट्या योजल्या आहेत. त्यावरच्या आंदोलनाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, मला रस आहे तो एका वेल्डमध्ये. सप्टेंबर 2019 मध्ये फ्रान्सच्या ईडीएफ या वीजकंपनीने जाहीर केलं, की फ्रामातोमने बनवलेल्या काही स्टीम जनरेटरांच्या वेल्डवरची ताण उतरवण्याची प्रक्रिया ठरलेल्या तापमानाच्या मर्यादेत झालेली नाही. यात वापरात असलेल्या अणुभट्ट्यांचेही जनरेटर होते आणि फ्लामांव्हिलच्या नव्या ईपीआरचेही. बनवणारा एक, वापरणारा दुसरा, तपासणारी सरकारी संस्था तिसरी. वेल्ड तर कधीच थंड झाला होता. मग प्रत्येक जोड प्रत्यक्षात किती तापला असेल याचा हिशेब मागाहून मांडून, तो वापरायला योग्य आहे हे सिद्ध करावं लागलं.