चिऊचे दार

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर घोडेगाव लागते. परगावच्या वाचकांना हे गाव ठाऊक असलेच, तर कांद्याच्या व जनावरांच्या बाजारामुळे, नाहीतर शनिशिंगणापूरला जाणारा रस्ता येथून फुटतो म्हणून. तालुका मात्र नेवाशाचा. नेवासे म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर एक दगडी खांब उभा राहतो. त्याला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, गीतेवरील टीका सांगितली अशी परंपरा आहे. मराठीत तत्त्वज्ञान बोलू लागले ते येथे, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. ते खोटे नाही. पण पुरते खरेही नाही. खांबापाशी ओवी घुमण्याच्या आधी पंधरावीस वर्षे याच गोदावरीच्या मुलखात आणखी एक विचार मराठीतून सांगितला जात होता, आणि तो सांगायला पुढे आली होती चिमणी, कावळा, ससा, हत्ती अशी मंडळी. पोराबाळांच्या या सवंगड्यांनी मोठ्यांना काय शिकवले, व आपण पुढे त्यांचे काय केले, हा या लेखाचा विषय आहे.

श्रीचक्रधरस्वामी मूळचे गुजरातचे. महानुभाव पंथाचे हे प्रवर्तक गोदावरीच्या काठाकाठाने हिंडले. पैठणला राहिले, आजच्या श्रीरामपूर तालुक्यातील डोमेग्राम येथेही त्यांचा मुक्काम झाला. त्यांच्या पश्चात शिष्य म्हाइंभट यांनी ज्याला जे आठवत होते ते गोळा केले आणि १२७८ च्या सुमारास 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ. त्यात जीव, देवता, प्रपंच, परमेश्वर यांचा गहन ऊहापोह आहेच. पण त्यातच, कोणाला वाटले नसते अशा जागी, आपली चिऊकाऊची गोष्टही आहे. कावळ्याचे घर शेणाचे, दुसऱ्या पाखराचे मेणाचे. त्या पाखराला ग्रंथात 'साळै' म्हटले आहे. एका पंथाच्या संस्थापकाच्या चरित्रात ही बालकथा नोंदवून ठेवावीशी वाटली, यातच पुष्कळ काही आले. शिष्यांच्या लेखी स्वामींचे निरूपण आणि स्वामींनी सांगितलेली कहाणी यांत लहानमोठे नव्हते.

पुढची हकीकत तर फारच मौजेची आहे. चौदाव्या शतकापासून महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून मठांत जपले. सकळ लिपी, सुंदरी लिपी अशी त्यांची नावे. पंथाबाहेरच्या माणसाला त्यांतले अक्षर लागत नसे. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचे कोडे उलगडले, १९३० च्या दशकात ह. ना. नेने यांनी 'लीळाचरित्र' छापायला घेतले, आणि १९७८ साली वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती निघाली. म्हणजे पाच-सहाशे वर्षे ही चिमणी पोथीत कुलूपबंद होती. बाहेर मात्र तिचे काहीही अडले नव्हते. लिहिता-वाचता न येणाऱ्या आज्या तिला पिढ्यान्‌पिढ्या मांडीवरच्या नातवंडांच्या हवाली करीत होत्या. पोथी उघडल्यावर विद्वानांना जे सापडले ते गावोगावच्या पोरांना आधीच पाठ होते.

त्या गोष्टीत आहे तरी काय? पाऊस येतो, कावळ्याचे घर वाहून जाते, तो भिजत चिमणीच्या दाराशी येतो. चिमणी त्याला थांबवून धरते. कधी बाळाची न्हाणी, कधी तीटपावडर, कधी आणखी काही. पुढे काय होते यावर एकमत नाही. कुठे दार उघडते, कुठे कावळ्याला चुलीजवळ जागा मिळते, कुठे तो तव्यावर बसून भाजतो. आमच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात या शेवटावरून मुलांचे भांडण होते, आणि आम्ही ते मिटवीत नाही. चिमणी शहाणी की निष्ठुर? कावळा आळशी की केवळ गरीब? शेणाने सारवलेल्या घरांत वाढलेली माणसे आजही आमच्या धर्मग्रामात आहेत. या जिल्ह्यातील बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज गावकुसाबाहेर राहणारे. बंद दाराबाहेर तिष्ठत उभे राहणे म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. अशा घरातली आजी ही गोष्ट सांगते तेव्हा कावळा आपोआपच थोडा निराळा होतो. (मेणाचे घर पावसात टिकले खरे, पण नगरच्या वैशाखात त्याचे काय झाले असते, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही!)

संत लूकच्या शुभवर्तमानातील अकराव्या अध्यायात मध्यरात्री मित्राच्या दाराशी भाकरी मागायला आलेल्या माणसाचा दाखला आहे. आतला मित्र म्हणतो, दार लावले आहे, मुले निजली आहेत, आता उठता येत नाही. आपल्या कानांना ही सबब अगदी ओळखीची वाटते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. माणसाने माणसाला दाराबाहेर उभे करण्याची सबब मात्र दोन्ही ठिकाणी एकच आहे: घरातली मुले.

चक्रधरांनी बोलता बोलता दिलेले दृष्टांत वेगळे काढून केशिराजबास यांनी 'दृष्टांतपाठ' रचला. त्यात ११४ दृष्टांत आहेत. हत्ती आणि जन्मांध हा त्यांतला फार प्रसिद्ध. ज्याच्या हाताला जो अवयव लागला त्यावरून त्याने हत्ती कसा ते सांगितले, हे सर्वांना ठाऊक आहे. आम्हाला लक्ष वेधायचे आहे ते ग्रंथाच्या घडणीकडे. प्रत्येक ठिकाणी आधी सूत्र, मग दृष्टांत आणि शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे दृष्टांताचा उलगडा. यांपैकी सूत्र व दृष्टांत चक्रधरांचे, दार्ष्टांतिक केशिराजांचे. गुरूने गोष्ट सांगितली, शिष्याने अर्थ जोडला. केशिराज मोठे पंडित, संस्कृतात सहज रचना करणारे. पण तेव्हाचे आचार्य नागदेव यांनी पंथाच्या लेखनासाठी मराठीचाच आग्रह धरला. संस्कृत आले तर आपल्या म्हाताऱ्या बाया वंचित होतील, ही त्यांची चिंता होती. ख्रिस्तसभेतही हा विवेक वेळोवेळी दिसला. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली राशोल येथे 'ख्रिस्तपुराण' छापले ते ओवीत, ते याच ओढीने.

आता थोडे दूर, चीनकडे जाऊ. ताओ विचाराचे दोन आधारस्तंभ म्हणजे लाओ-त्झू आणि च्वांग-त्झू. लाओ-त्झू सूत्रे सांगतो: पाणी सर्वांना उपयोगी पडून सखल जागी जाऊन राहते, तसे राहावे, न कोरलेल्या लाकडाचा साधेपणा बाळगावा, कर्तेपणाचा आव न आणता कार्य होऊ द्यावे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातला च्वांग-त्झू मात्र गोष्टीवेल्हाळ. त्याच्याकडे विहिरीतला बेडूक आहे. बेडूक समुद्रातल्या कासवाला आपल्या विहिरीचे वैभव सांगतो आणि आत बोलावतो. कासवाचा एक पाय आत जाण्यापूर्वीच दुसऱ्याचा गुडघा अडकतो. ते मागे सरते आणि समुद्र कसा असतो ते सांगते. बेडूक थक्क होतो. आपल्याकडचा कूपमंडूकही तोच. स्वामी विवेकानंदांनी १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत हीच गोष्ट सांगितली होती.

१९८२ साली बेंजामिन हॉफ या अमेरिकन लेखकाने याच मार्गाने जाऊन एक गमतीचे पुस्तक लिहिले. इंग्रज लेखक ए. ए. मिल्न यांच्या १९२६ च्या बालकथांतील विनी-द-पू हे अस्वल घेऊन त्याने ताओ समजावून दिला. घुबड ज्ञान मिरवते, ससा हुशारी करतो, गाढव कुरकुरते. अस्वल मात्र साधे, न कोरलेल्या लाकडासारखे. पुस्तक जगभर वाचले गेले. आम्हाला ते आवडले, पण एक गोष्ट खटकली. अस्वलाच्या प्रत्येक हालचालीमागे लेखक दार्ष्टांतिक घेऊन उभा आहे. मिल्नने अस्वलाला मोकळे सोडले होते. येथे ते मास्तरांच्या हाती सापडले.

याच चीनमध्ये आपल्या येसूसंघीयांनी केलेले काम पुष्कळांना माहीत नसेल. फादर मात्तेओ रिच्ची यांना ताओ मताविषयी आदर नव्हता. १६०३ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी त्याचे खंडन केले आहे. पण १६०८ साली चिनी भाषेत दहा संवादांचे पुस्तक लिहिताना त्यांनी शीर्षकासाठी जो शब्द घेतला तो च्वांग-त्झूचा: लोकांच्या दृष्टीने विचित्र, पण स्वर्गाशी जुळलेला माणूस. त्या पुस्तकात त्यांनी इसापच्या गोष्टी घातल्या. १६१४ साली फादर दिएगो दे पांतोहा यांनी तेच केले, आणि १६२५ साली फादर निकोलास त्रिगो यांनी इसापचा चिनी संग्रहच काढला. जपानात तर १५९३ सालीच आमाकुसा येथील येसूसंघाच्या छापखान्यातून जपानी भाषेतील इसाप बाहेर पडला होता. क्रूस घेऊन गेलेल्या या धर्मगुरूंच्या सामानात कोल्हा, सिंह आणि बेडूकही होते! मतांचे खंडन ग्रंथातून चालू होते. ओळख मात्र प्राण्यांनी करून दिली.

मराठीत इसाप आला तो एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, तंजावरच्या सरफोजी राजांच्या आश्रयाने, 'बालबोध मुक्तावली' या नावाने. पुढे १८२८ साली सदाशिव काशिनाथ छत्रे यांच्या 'इसपनीतिकथा' निघाल्या आणि शाळाशाळांतून पोहोचल्या. या उपकाराचे मोल मोठे आहे. पण शाळेबरोबर एक नवीन सवयही आली: गोष्ट संपली की 'तात्पर्य'. मुले गोष्ट विसरू लागली आणि तात्पर्य पाठ करू लागली, कारण परीक्षेत गुण तात्पर्याला मिळत. आपल्या धर्मशिक्षणानेही हीच वाट धरली. पेरणाऱ्याचा दाखला वाचला, की लगेच खडकाळ जमीन म्हणजे कोण आणि काटेरी जमीन म्हणजे कोण. शेतकऱ्याची मुले समोर बसलेली असतात. बी वाटेवर कसे पडते, हलक्या जमिनीत उगवून कसे करपते, हे त्यांनी आमच्याहून अधिक पाहिलेले असते. त्यांना विचारायच्या आधीच उत्तर देऊन आम्ही त्यांचे तोंड बंद करतो.

संत मार्क सांगतो की लोकसमुदायाशी प्रभू दाखल्यांशिवाय बोलत नसे; उलगडा होई तो मागाहून, एकांतात, शिष्यांपाशी. नाथान संदेष्ट्याची रीतही अशीच. दावीद राजासमोर त्याने गरिबाच्या एकुलत्या एका कोकराची गोष्ट सांगितली आणि तो थांबला. राजा संतापला, त्याने स्वतःच निवाडा दिला. त्यानंतर नाथानाने, तो माणूस तूच, एवढेच म्हटले. दार्ष्टांतिक असावे तर इतके आखूड, आणि ऐकणाऱ्याचे बोलून झाल्यावर.

च्वांग-त्झूचे एक मत येथे विचारात घ्यावे असे आहे. तो म्हणतो की फासा हा सशासाठी. ससा मिळाला की फासा विसरावा. तसेच शब्द अर्थासाठी. अर्थ मिळाला की शब्द विसरावेत. विचार सुंदर आहे, पण गोष्टीच्या बाबतीत आम्हाला तो पुरता पटत नाही. केशिराजांचे दार्ष्टांतिक आज अभ्यासक वाचतात; साळै आणि कावळा मात्र सातशे वर्षे कोणाच्याही आधाराशिवाय चालत आले. अर्थ बदलत गेले, गोष्ट राहिली. 'लीळाचरित्रा'तही एक ससा आहे. शिकाऱ्यांनी पाठलाग केलेला तो ससा धावत येऊन स्वामींच्या गुडघ्याखाली दडला. शिकारी आले आणि ससा मागू लागले. शरण आलेला जीव स्वामींनी दिला नाही, आणि ती माणसे शेवटी शिकार सोडून गेली. फाशात सापडलेला ससा आणि गुडघ्याखाली आलेला ससा, दोन्ही हाताशी आलेलेच. पण एक मेलेला असतो आणि दुसरा जिवंत.

म्हणून घोडेगावच्या आमच्या पालकांना आमची विनंती एवढीच आहे की रात्री मुलांना शुभवर्तमानातला दाखला सांगाल, तेव्हा वाक्य जेथे थांबते तेथे आपणही थांबावे. उधळ्या पुत्राचा दाखला घ्या. धाकटा परत आला, पोसलेले वासरू कापले, घरात वाद्ये वाजू लागली. थोरला शेतातून येतो, रागावतो आणि आत जायला तयार होत नाही. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. बापाचे बोलणे संपते तेथेच संत लूक अध्याय संपवतो. थोरला आत गेला की नाही, हे त्याने लिहिलेले नाही.