सिंधुताईंनी नवऱ्याला माफ केलं, पण नवरा म्हणून परत घेतलं नाही

लहानपणी घरच्यांनीच छळलेला माणूस मोठेपणी घरी जायला नको म्हणाला, की नातेवाईक समजूत काढायला बसतात. झालं गेलं विसर, शेवटी रक्ताची माणसं ती. आणि हमखास उदाहरण येतं सिंधुताई सपकाळांचं. त्यांनी नाही का नवऱ्याला माफ केलं?

केलं. पण कसं केलं ते सहसा कुणी सांगत नाही.

नागपूरहून पाऊणशे किलोमीटरवर वर्धा. तिथल्या पिंप्री मेघे गावात 14 नोव्हेंबर 1948 ला त्यांचा जन्म झाला. मुलगी नकोशी होती, म्हणून नाव पडलं चिंधी. वडील गुरं राखायचे. पोरीनं शिकावं असं त्यांना वाटायचं, आईला नाही. मग गुरं चारायला नेतो म्हणून वडील तिला शाळेत धाडायचे. शाळा चौथीपर्यंत झाली आणि कोवळ्या वयातच तिचं लग्न लावलं, वयानं कितीतरी मोठ्या माणसाशी.

सासरी तीन मुलगे झाले. गावातल्या बायका शेण गोळा करायच्या आणि त्याचा पैसा दुसरेच खायचे. सिंधुताई त्याविरुद्ध बोलल्या. मग गावातल्या एका वजनदार माणसानं पोटातल्या बाळावरून त्यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले. नवऱ्यानं नऊ महिन्यांच्या गरोदर बायकोला लाथा घालून बाहेर काढलं. 1973 साली गोठ्यात मुलगी झाली, नाळ त्यांनी दगडानं ठेचून तोडली.

त्याच अवस्थेत त्या चालत माहेरी गेल्या. आईनंही घरात घेतलं नाही. गोष्ट सांगताना लोक नवऱ्याच्या लाथेवर थांबतात. मला मात्र हे माहेरचं दार जास्त महत्त्वाचं वाटतं. चिंधी हे नाव ज्या घरात पडलं, तेच हे घर.

पुढे रेल्वेत आणि स्टेशनांवर गाणी म्हणून भीक मागितली, स्मशानात रात्री काढल्या. भिकेत मिळालेलं अन्न त्या स्टेशनवरच्या बेवारस मुलांबरोबर वाटून खायच्या. त्यातूनच चिखलदऱ्याचा आश्रम उभा राहिला, मग पुण्याकडच्या संस्था. लोक त्यांना माई म्हणू लागले.

कित्येक वर्षांनी नवरा म्हातारा होऊन आसऱ्याला आला. माईंनी त्याला ठेवून घेतलं, पण नवरा म्हणून नाही, मूल म्हणून. आल्यागेल्याला त्या त्याची ओळख आपलं सगळ्यात मोठं लेकरू अशी करून द्यायच्या. यात विनोद होता तसा हिशेबही होता. घर माईंचं, शब्दही माईंचा. त्या परत संसाराला गेल्या नाहीत, आणि नवऱ्याला जेवू घातलं म्हणून झालेलं खोटं ठरवलं नाही. मारहाण, गोठा, आईचं दार, हे सगळं त्या शेवटपर्यंत भर सभेत नावानिशी सांगत राहिल्या. म्हणजे 'विसर' म्हणणाऱ्यांना हे उदाहरण मुळीच उपयोगाचं नाही.

एक गोष्ट मात्र आजही काहींना खटकते. अनाथ मुलांत आणि पोटच्या मुलीत दुजाभाव होऊ नये म्हणून त्यांनी ममताला लहानपणीच पुण्यात दगडूशेठ हलवाई ट्रस्टकडे ठेवलं. हा निर्णय सोपा नव्हता, त्या मुलीसाठी तर नव्हताच. 4 जानेवारी 2022 ला माई गेल्या. संस्थांचं काम आता ममता बघतात. त्या नाव लावतात ममता सिंधुताई सपकाळ.