चादरीची नक्षी आणि संगणकातील गुणधर्म

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी विणल्या जातात. कार्डांवर चालणाऱ्या जॅकार्ड मागावर मोर विणायचा की फूल, हे ठरविण्यासाठी माग उघडावा लागत नाही. पुठ्ठ्याच्या छिद्रित कार्डांची माळ बदलली की नक्षी बदलते.

ही पद्धत फ्रान्समधील लिआँ शहराच्या जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास सिद्ध केली. धोट्याच्या प्रत्येक फेरीला एक कार्ड पुढे येते. छिद्र असेल तेथे सुई आत शिरते आणि तिचा आकडा ताण्याचा धागा वर उचलतो. छिद्र नसेल तेथे सुई मागे ढकलली जाते व धागा खालीच राहतो. नक्षी अशी मागाबाहेर आली. मात्र आकडे किती, हे यंत्र बांधणाऱ्यानेच ठरविलेले असते. ते कार्डाने बदलत नाही.

काय बदलू द्यावे आणि काय नाही, हाच प्रश्न पुढे संगणकातही आला. पूर्वी पडद्यावरील साध्या बटणाचा रंग बदलायचा तरी आज्ञावलीत हात घालावा लागे. १९९१ साली मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल बेसिकने बटणाचे नाव, रंग, रुंदी हे गुणधर्म एका तक्त्यात समोर मांडले. १९९५ मध्ये बोरलँडच्या डेल्फीने घटक रचणाऱ्यालाही तीच सोय दिली. त्याने जो गुणधर्म ‘पब्लिश्ड’ या भागात लिहिला, तो तक्त्यात दिसतो. ‘प्रायव्हेट’ भागातला दिसत नाही.

याखेरीज गुणधर्माला राखणदारही नेमता येतो. समजा, आपण वर्गासाठी तापमापीचा घटक रचला आणि त्याचे तापमान तक्त्यात बदलण्यास खुले ठेवले. एखाद्याने उणे ३०० अंश सेल्सिअस भरले, तर? उणे २७३.१५ च्या खाली तापमान जाऊ शकत नाही. म्हणून किंमत स्वीकारण्यापूर्वी ती तपासणारी आज्ञा घटकातच लिहून ठेवता येते. चुकीचा आकडा मग नाकारला जातो.

सगळेच खुले ठेवले तर नवख्याच्या हातून घटक बिघडतो. सगळेच बंद ठेवले तर प्रत्येक बारीक बदलासाठी त्याला रचणाऱ्याकडे धाव घ्यावी लागते. म्हणून गुणधर्मांची यादी करणे हे केवळ तांत्रिक काम नव्हे. दुसऱ्याच्या हाती किती अधिकार द्यायचा, याचा तो निर्णय असतो.

विद्यार्थ्यांना चादर दाखवून विचारावे : यातले काय कार्डाने ठरले आणि काय मागाने?