कॅमेरा, स्थिर व चलच्चित्रणाचा

स्थिर व चल अशा दोन्ही चित्रणांस उपयुक्त कॅमेरा निवडण्याचा प्रश्न मुंबईच्या उपनगरांत बोलपटाच्या आरंभकाळापासून दिसतो. मालाड येथे १९३४ मध्ये स्थापन झालेल्या ‘बाँबे टॉकीज’चे जर्मन छायालेखक योझेफ विर्शिंग हे अछूत कन्या (१९३६) यासारखे चित्रपट चलच्चित्र-कॅमेऱ्याने चित्रित करीत, स्थिरचित्रांसाठी मात्र लायका वापरीत. ही स्थिरचित्रे त्या संस्थेच्या कार्यपद्धतीचा मोलाचा पुरावा होत. १९२५ मध्ये विक्रीस आलेल्या लायकातही ३५ मिमी. चित्रपट-फीतच वापरली जाई. परंतु बोलपटासाठी ती सेकंदाला २४ चौकटी या गतीने सरकावी लागत असल्याने यंत्रे दोन लागत.

अंकीय संवेदकामुळे ही अडचण दूर झाली. आरसायुक्त कॅमेऱ्यात चलच्चित्रणाच्या वेळी आरसा उचललेला राहून दर्शिकेतून दृश्य दिसत नसे. पॅनासॉनिकच्या ‘जी१’ मध्ये (२००८) आरसा वगळण्यात आला; ‘जीएच१’ मध्ये (२००९) चलच्चित्रणाची सोयही आली. अशा कॅमेऱ्याची निवड करताना स्थिरचित्रासाठी चित्रबिंदूंची संख्या, तर चलच्चित्रासाठी संवेदक-वाचनाचा वेग, उष्णता-नियंत्रण व ध्वनिजोडणी पाहतात. चित्रबिंदू वाढल्यास वाचन मंदावू शकते. म्हणून यंत्र एक झाले, तरी निवड उरतेच.